एक काडतूस हलकं

१

शिसं वितळायला वीस मिनिटं लागतात. व्हर्ल हॅडलॉकला चिडायला तेवढीही लागत नसत. त्या सप्टेंबरच्या सकाळी तर तो शेडमध्ये शिरला तोच चिडलेला, कारण नाश्त्याच्या वेळी भाचीचा फोन आला होता.

शॅलिन ही त्याच्या बहिणीची, आर्डिथची मुलगी. सव्वीस वर्षांची, बापासारखी लांबलचक आणि बापासारखीच कमी बोलणारी. दुसऱ्या दिवशी पहाटे ती खेचरांचा तांडा घेऊन शिकाऱ्यांच्या तळावर स्वयंपाकाला निघणार होती. सहा आठवडे टीटॉनच्या डोंगरांत उत्तर अंगाला राहायचं, जिथली अस्वलं माणसाला वाट देत नाहीत. कमरेला बापाचं पंचेचाळीसचं रिव्हॉल्वर असणार होतं.

"मामा, काडतुसं मी दुकानातून घेते," ती म्हणाली होती. "तू त्रास घेऊ नकोस."

"दुकानातून?"

"हो. एक पेटी पुरे मला."

"का? माझे हात झडलेत?"

"तसं नाही रे मामा."

"मग कसं? वीस वर्षांत या घरात कुणी दुकानाचं काडतूस विकत आणलं नाही. तुझ्या बापाने नाही, तुझ्या आजोबाने नाही. आता तुला माझ्या हातचं चालत नाही? गावातले लोक काय बरळतात ते ऐकून आलीस ना?"

"एक पेटी पुरे मामा," ती पुन्हा एवढंच म्हणाली. तिने 'नाही' म्हटलं नाही, हे त्याला जास्त झोंबलं.

"दुपारी ये," तो ओरडला. "पन्नास तयार असतील." आणि त्याने फोन आदळला.

मग शेडमध्ये येऊन त्याने शेगडीवर शिशाचं भांडं चढवलं. कॉफीचा थर्मास बाकावर ठेवला. त्या गावाच्या धर्मात कॉफी वर्ज्य होती, पिणाऱ्याकडे लोक जरा खालच्या नजरेने बघत, म्हणून तो ती मुद्दाम दार उघडं टाकून प्यायचा. शिसं पातळ झालं, वरची मळी त्याने चमच्याने काढली आणि साच्यात ओतायला घेतलं. ओतायचं, वरचा पत्रा लाकडी ठोकणीने सरकवायचा, साचा उघडायचा, गोळी पाण्याच्या बादलीत. चुर्र. पुन्हा ओतायचं. अंगठ्याच्या पेराएवढ्या, बोथट नाकाच्या, जड गोळ्या. हलकी गोळी अस्वलाच्या खांद्याच्या हाडावर चपटी होते. कडक शिशाची जड गोळी आरपार जाते. दुकानात असली गोळी मिळते म्हणे. मिळत असेल. तिच्यात ओतणाऱ्याचा जीव नसतो.

हे तो मोठ्याने म्हणाला, आणि आपणच म्हटलेलं ऐकून आणखी चिडला.

२

चार वर्षांपूर्वी शॅलिनचा बाप, ग्लेड, अस्वलाने मारला.

गावाला माहीत होतं ते एवढं. ग्लेडने एकदाच चाप ओढला. गोळी नळीतच अडकली. काडतुसाच्या पितळी पुंगळीत दारू नसली की असं होतं. तळाची टिकली तेवढी फुटते, तिच्या जोराने गोळी जेमतेम अर्धी नळीत शिरते आणि तिथेच बसते. मग काडतुसांचं चक्र फिरत नाही, दुसरी गोळी येत नाही, काहीच होत नाही. वन्यजीव खात्याचा माणूस रिव्हॉल्वर आणि उरलेली काडतुसं घेऊन गेला, आणि दोन महिन्यांनी रिव्हॉल्वर आर्डिथकडे परत आलं.

व्हर्लने तेव्हापासून एकच धरून ठेवलं होतं. ग्लेड रिव्हॉल्वरला तेल पाजायचा, ते तेल काडतुसात मुरलं, दारू निकामी झाली. चूक ग्लेडची. सोसायटीत, चर्चच्या पायरीवर, धान्याच्या गोदामात, जिथे विषय निघेल तिथे तो हेच सांगायचा, आणि कुणी मान हलवायला उशीर केला तर त्याच्या अंगावर जायचा.

खरं काय ते त्याला त्याच दिवशी कळलं होतं. तो दोनशे पावलं खाली खेचरांचं ओझं बांधत होता. वरून आवाज आला तो धडाडला नाही. फट्, एवढाच आला. लहान मुलाच्या टिकलीच्या पिस्तुलासारखा. तो आवाज काय असतो हे काडतुसं भरणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आणि का, हेही ठाऊक होतं. ती काडतुसं भरत होता त्या दुपारी ग्लेडचा फोन आला होता. तेव्हा शेडच्या भिंतीवर फोन होता. पाटाच्या पाण्याची पाळी व्हर्लची असताना ग्लेडने दार आपल्या बार्लीकडे वळवलं होतं, तेही फक्त दोन तास. दोन तासांच्या पाण्यावरून दोघांनी एकमेकांचे आईबाप काढले. व्हर्लने फोन आपटला, बाकावर परत बसला आणि रागाच्या भरात पुढच्या पुंगळीवर गेला. एक राहिली. पन्नास पुंगळ्यांचा लाकडी ठोकळा टॉर्च लावून वरून बघायचा, प्रत्येकीत दारू सारख्या उंचीवर आहे ना याची खात्री करायची, मगच गोळ्या बसवायच्या, हा त्याच्या बापाने घालून दिलेला नियम. त्या दिवशी त्याने टॉर्च उचललाच नाही.

एक राहिली. एकच. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. भिंतीवरचा फोन मात्र त्याने त्याच आठवड्यात उपटून काढला होता.

३

आज त्याने सगळं नियमाने केलं. गोळ्यांच्या खोबणीत मेण भरलं. पुंगळ्या आधीच तोलून सारख्या वजनाच्या निवडलेल्या होत्या, कारण तो इतरांसारखा गबाळा नव्हता. टिकल्या बसवल्या. दारूच्या नळकांड्याखाली एकेक पुंगळी धरून मापाचा दांडा ओढला, सोडला, ओढला, सोडला. दांडा सोडला की दारू पडताना बारीक सर्र आवाज येतो. आज तो येत नव्हता. चाळीस वर्षं बंदुका उडवून व्हर्लचे कान अर्धे गेले होते, त्याने त्याकडे लक्ष दिलं नाही.

मग टॉर्च. ठोकळ्यावर वाकून त्याने ओळीने पाहिलं. पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांत काळी दारू, एका उंचीवर, एका सपाटीत. त्याने पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा पाहिलं, आणि आपल्याला तीनदा बघावं लागतंय म्हणून गावाला एक शिवी हासडली.

गोळ्या बसवून झाल्यावर त्याने तयार काडतुसं काट्यावर घ्यायला सुरुवात केली. हे कुणीच करत नाही. तो चार वर्षं करत होता.

सतरावं काडतूस हलकं निघालं.

थोडंथोडकं नव्हे. दारूचं जेवढं वजन, बरोबर तेवढंच कमी. काट्याची वजनाकडची दांडी खाली टेकून बसली आणि उठेना.

व्हर्लच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने काडतूस गोळी उपसायच्या पोकळ हातोड्याच्या डोक्यात अडकवलं. प्लॅस्टिकचा हातोडा, ठोकला की झटक्याने गोळी पुंगळीतून सुटते. तीन ठोके. गोळी निघाली. त्याने पुंगळी तळहातावर उपडी केली.

दारू पडली. काळी, कोरडी, चमकदार, जेवढी हवी तेवढी.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग ती परत पुंगळीत ओतली, नवी गोळी बसवली, काट्यावर ठेवली. दांडी पुन्हा खाली टेकली.

४

माणूस शहाणा असेल तर आधी काट्यावर संशय घेतो. व्हर्लने खिडकी लावली, वारा बंद केला. काट्यापासून पान्हे दूर सारले. पाणसळीने बाक सपाट आहे ना ते पाहिलं. डबीतलं प्रमाणाचं वजन ठेवलं. काटा केसभरही चुकत नव्हता. काडतूस ठेवलं की मात्र तेच.

मग त्याने ते कानाशी धरून हलवलं. काही ऐकू येईना, पण त्याचे कान कशाला पुरावा म्हणून चालणार?

तेवढ्यात दारात आर्डिथ उभी राहिली. ती शेजारच्याच घरात राहायची. हातात साखरेच्या पाकातल्या पीचची बरणी. दर सप्टेंबरात ती त्याला बारा बरण्या द्यायची, आणि ग्लेड गेल्यावरही त्यात एकीची कमी झाली नव्हती.

"झाली का रे पोरीची?" तिने विचारलं.

"होतायत. इकडे ये. हे कानाला लाव."

"काय आहे?"

"लाव म्हणतो ना! दारू हलतेय का सांग. भरलेलं काडतूस हलवलं की आत खसखस वाजते."

आर्डिथने बरणी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि काडतूस कानाशी हलवलं. एकदा, मग पुन्हा.

"नाही वाजत."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. काही नाही आत."

"आत्ता माझ्या डोळ्यांदेखत भरलंय मी! तुझेही कान गेले वाटतं."

"माझे कान चांगले आहेत, व्हर्ल." तिने काडतूस बाकावर ठेवलं, हळूच, झोपलेलं पोर ठेवावं तसं. मग ठोकळ्यातून दुसरं उचललं, ते कानाशी हलवलं. मग तिसरं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. बरणी तिथेच विसरून, अंगणातून जवळजवळ पळत ती घराकडे गेली.

"सगळे एका माळेचे मणी!" व्हर्ल तिच्या पाठीमागे ओरडला. "तूही! घरचीच माणसं उलटली म्हटल्यावर गावाला कशाला बोलायचं?"

५

तिने उचललेली दोन काडतुसं त्याने काट्यावर घेतली. दोन्ही हलकी. पण दहा मिनिटांपूर्वी ती बरोबर भरली होती, त्याने स्वतः तोलून बाजूला ठेवली होती.

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. सगळी हलकी. साच्याची काळजी घेतली, शिशाची घेतली, मेणाची घेतली. आता कशाची घ्यायची? त्याने एकेक फोडायला घेतलं. प्रत्येकातून दारू निघे. ती तो परत नळकांड्यात ओती आणि पुन्हा भरी. ती वेगळी तोलून बघावी असं त्याला एकदाही वाटलं नाही. समोर दिसते आहे, बोटांना लागते आहे, तिला काय तोलायचं?

असं अकरा वाजेपर्यंत चाललं. मग त्याची नजर नळकांड्यावर गेली. सकाळी त्याने ते काठोकाठ भरलं होतं. आताही ते काठोकाठ होतं. पन्नास पुंगळ्या भरून झाल्यावर पातळी चार बोटं तरी खाली यायला हवी. नळी धुरकट झालीय, तो स्वतःला म्हणाला, जुनं प्लॅस्टिक, नीट दिसत नाही. पुसून पाहिली. काठोकाठ.

"ग्लेड," तो म्हणाला.

शेडमध्ये शिशाचं भांडं निवताना टिकटिक करत होतं.

"ग्लेड, हरामखोरा, तूच हे करतोयस. मेल्यावरही तुझी सवय गेली नाही, दुसऱ्याच्या पाळीत हात घालायची. पोरगी तुझी आहे! तिच्या कमरेला लागणार आहेत ही. माझ्याशी भांडायचंय ना? माझ्याशी भांड!"

त्याने एक उघडी पुंगळी उचलली, टॉर्च लावला आणि आत पाहिलं. दारू होती. काळी, सपाट. आणि तो बघत असतानाच ती सपाटी मधोमध खाली दबली, कुणी तळाकडून हवा ओढून घ्यावी तशी, आणि सावकाश पुन्हा वर आली.

व्हर्लच्या हातून पुंगळी पडली. ती जमिनीवर घरंगळताना तिचा आवाज निव्वळ पितळेचा होता.

तो हसला. डोळेही चालले, म्हातारपण, दुसरं काय. त्याने पुंगळी उचलून पुन्हा नळकांड्याखाली धरली आणि दांडा ओढला. थांबायचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. थांबणं म्हणजे दुकानाची पेटी, आणि दुकानाची पेटी म्हणजे गाव खरं बोलत होतं.

६

बाराला शॅलिनची गाडी अंगणात आली. ती शेडमध्ये आली तेव्हा बाकावर पन्नास काडतुसं ठोकळ्यात ओळीने उभी होती आणि व्हर्ल त्यांच्यासमोर दोन्ही हात टेकून उभा होता. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"आई रडतेय," शॅलिन म्हणाली. "काय झालं?"

"काडतुसं तयार आहेत."

"मामा."

"घे आणि जा."

"मामा, बस."

आई लहानपणी त्याला याच आवाजात बसवायची. तो तिपाईवर बसला. आणि बसल्याबरोबर चार वर्षं दातांमागे धरून ठेवलेलं बाहेर पडलं, तेही ओरडूनच, कारण हळू बोलायची त्याला सवयच राहिली नव्हती.

"तेल नव्हतं! तुझ्या बापाने तेल-बिल काही पाजलं नव्हतं. मी भरत होतो आणि त्याचा फोन आला. पाण्यावरून भांडलो. एक राहून गेली माझ्याकडून. एक पुंगळी, रिकामी! टॉर्च लावला नाही मी. तो वर मेला आणि मी खाली खेचरांपाशी ते ऐकलं, आणि सगळ्यांना सांगत सुटलो की चूक त्याची. झालं समाधान? सांग जा गावाला!"

त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा हात उगारेल. शॅलिनने मान खाली घातली.

"आम्हाला माहीत होतं मामा."

"काय माहीत होतं?"

"खात्याच्या माणसाने उरलेली काडतुसं फोडून पाहिली होती. आईला लेखी दिलं होतं त्याने. तिने कपाटात ठेवून दिलं. भावाला तुरुंगात घालून नवरा परत येणार आहे का, म्हणाली. तू कधीतरी स्वतः बोलशील, याची वाट बघत राहिली."

"मग बोललो ना आता! एक राहिली म्हणून..."

"एक नाही." ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "चक्रातली उरलेली पाच रिकामी होती. पट्ट्यातली चोवीस रिकामी होती. तळावरच्या पेटीतलीही. पन्नासच्या पन्नास, मामा. बाबांकडे एकसुद्धा भरलेलं काडतूस नव्हतं."

७

"खोटं आहे!"

व्हर्ल उठला तशी तिपाई मागे पडली.

"खोटं! एकच राहिली. फोनच्या आधीच्या मी भरल्या होत्या, हातांना आठवतंय माझ्या. नंतरच्याही भरल्या. पन्नास रिकाम्या? मी काय वेडा आहे? का मी त्याला मारायला..." त्याने ठोकळ्यातून एक काडतूस उपसलं. "ये इकडे. डोळ्यांनी बघ मी कसं भरतो ते."

त्याने ते हातोड्यात अडकवलं. तीन ठोके. गोळी सुटली. काट्याचं पितळी पारडं पुढे ओढून त्याने पुंगळी त्यात उपडी केली. दारू पडली, लहानशी काळी रास झाली, दोन-चार कण काठावर उडाले.

"हं! ही बघ!"

शॅलिनने पारड्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"काय बघू?"

"दारू! आंधळी आहेस का?"

तिने बोट पुढे केलं आणि पारड्याच्या तळावरून फिरवलं. नखाचा पितळेवर घासल्याचा आवाज व्हर्लच्या अर्ध्या गेलेल्या कानांनाही नीट ऐकू आला. तिचं बोट काळ्या राशीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि रास जागची हलली नाही. बोटाला कणसुद्धा लागला नाही.

"मामा, यात काही नाहीये."

काट्याची दांडी खाली टेकलेली होती.

त्याने दुसरं फोडलं. तिसरं. शॅलिन शेजारी उभी राहिली, आणि दर वेळी त्याने वर पाहिलं की तिने फक्त मान हलवली. दहाव्याला तो ओरडायचा थांबला. विसाव्याला त्याला कळलं की तो रडतोय. पारड्यात जागा उरली नाही. दारू बाकावर सांडली, त्याच्या मांड्यांवर सांडली, बुटांवर सांडली, तो झटकत राहिला, आणि ती पोरगी त्या काळ्या ढिगातून हात घालून एकेक रिकामी पुंगळी उचलून ओळीत मांडत होती. दांडी एकदाही उठली नाही.

पन्नासावं झालं. राग कुठे गेला ते व्हर्लला कळेना. चार वर्षांत पहिल्यांदाच छातीत तो नव्हता, आणि तिथे जे उरलं होतं त्याची त्याला भयंकर भीती वाटली.

"दुकानाची पेटी माझ्या गाडीत आहे," शॅलिन म्हणाली. "तुझी काडतुसं मी वापरणारच नव्हते. तू हट्ट धरलास म्हणून, या वेळी तरी भरतोस का, एवढंच बघायला आले." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "बाबांवर तू पाण्यासाठी चिडला होतास. दोन तासांच्या पाण्यासाठी. माझ्यावर कशासाठी चिडलास मामा? आज सकाळी मी असं काय केलं होतं?"

व्हर्लला उत्तर माहीत होतं. ते दुकानाच्या एका पेटीएवढं होतं, इतकं लहान की तिच्या तोंडावर सांगायची त्याला लाज वाटली, आणि तो काळ्या हातांनी मांडीवरची दारू झटकत राहिला.